बिननावाच्या चादरी

सोलापुरात कुणाला कोरा टॉवेल भेट दिला, तर तो माणूस टॉवेल उलटापालटा करून बघतो आणि विचारतो, नाव कुठंय? लग्नाचा आहेर असो, शाळेचा निरोप समारंभ असो की सोसायटीच्या चेअरमनचा सत्कार, टॉवेलच्या नाहीतर चादरीच्या काठावर देणाऱ्याचं नाव पाहिजे. तेही छापलेलं नाही. छापलेलं धुण्यात जातं, म्हणून विणलेलं लागतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मी हेच काम करते. पूर्वी पुठ्ठ्यांना भोकं पाडून ते मागावर चढवायचे, आता मी कॉम्प्युटरवर अक्षरं बसवते आणि माग ती विणतो. शहरातल्या कितीतरी घरांच्या दोरीवर माझं अक्षर वाळत असतं. 'सप्रेम भेट' हे दोन शब्द मी आयुष्यात जितके लिहिले तितके कुणी लिहिले नसतील. हल्ली ते दिसले की डोक्यात तिडीक जाते.

माझी धाकटी बहीण नर्स आहे. इथंच शिकली, इथल्याच दवाखान्यात राबली, आणि मग लग्नाचं बघायचं सोडून परदेशी मदत संस्थेत गेली. आमच्या वस्तीत तेव्हा बायकांनी आईचं डोकं खाल्लं होतं. गेली काही वर्षं ती ज्या देशात आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तिथल्या माणसांना त्रास होईल, आणि त्रासाची त्यांना कमी नाही. एवढंच सांगते की तिथं एका माणसाचं राज्य आहे. त्याच्याविरुद्ध उठलेला एक डोंगराळ मुलूख त्याला उपाशी ठेवून वठणीवर आणायचा आहे. धान्य, औषध, पांघरूण, काहीही बाहेरून न्यायचं तर त्याची परवानगी लागते, आणि ती तो देत नाही. म्हणून बहिणीची संस्था शेजारच्या देशातून आडवाटेनं सामान आत नेते. तापाची गोळी चोरून न्यावी लागते, हे तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतेय.

दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला. फोन कधीतरीच लागायचा आणि मधेच तुटायचा, म्हणून ती आधी कामाचं बोलायची. तिथं हाडं गोठवणारी थंडी पडते. दवाखाना म्हणजे एक जुनी शाळा, आणि खाटा संपल्यावर पोरं फरशीवर.

"आक्का, चादरी पाठव," ती म्हणाली. "पण काठ कोरा ठेव. काय बी विणू नको, तुमचं सप्रेम भेट बी नको."

मी कारण विचारलं. तिनं सांगितलं ते असं: तिथल्या एका म्हातारीच्या घरी झडतीत परदेशी खुणेचा दूध पावडरीचा डबा सापडला. डबा रिकामा होता, म्हातारी त्यात मीठ ठेवायची. तिच्या लेकाला त्याच दिवशी उचलून नेलं, तो परत आला नाही. बाहेरचं काहीही घरात असलं की माणूस फितूर ठरतो. दवाखान्यात बाहेरून आलेल्या खोक्यावरची अक्षरं आधी खरवडतात, मग खोकं उघडतात. चादर तर बाई अंगावर घेऊन घरी जाणार, वाटेत चौकी लागणार. हे ती इतक्या सरळ आवाजात सांगत होती की मला तिचीच भीती वाटली.

मी मालकांना सांगितलं. आमचे मालक तेलुगू विणकर घराण्यातले, मागाच्या आवाजात जन्मलेले, मनानं चांगले. त्यांचे डोळे भरून आले. आपल्या गावची लेक तिथं राबतेय आणि आपण हितं एसीत बसलोय म्हणाले. त्यांनी पुढाकार घेऊन एक समितीच उभी केली. तिच्यात काही व्यापारी होते, राज्यशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते आणि एक म्हातारे कामगार पुढारी होते. प्राध्यापक आणि पुढारी यांचं गेल्या कित्येक वर्षांत कशावरही एकमत झालेलं नव्हतं. या समितीत एका गोष्टीवर झालं. काठावर सोलापूरचं नाव पाहिजे.

मी बहिणीचं म्हणणं पहिल्याच बैठकीत मांडलं होतं. म्हातारीच्या डब्याची गोष्टही सांगितली होती. सगळ्यांनी च्यक च्यक केलं. मग एक व्यापारी म्हणाले की तो डबा मोठ्या देशाचा असेल, सोलापूरशी कुणाचं वैर आहे? प्राध्यापक म्हणाले की सामान्य माणसांनी सामान्य माणसांना दिलेली भेट हीच या मदतीची ताकद आहे आणि ती दिसली पाहिजे. पुढारी म्हणाले, कामगारांचा घाम आहे तो, बिननावाचा कसा जाईल? मालक सगळ्यांत शेवटी बोलले.

"ताई, नाव नसलेला माल म्हंजे बेवारस माल. आपण काय चोरीचं पाठवतोय का?"

"व्हय मालक," मी म्हणाले. "चोरूनच जाणार हाय ते."

त्यांना ते लागलं. त्यांच्या आजोबांनी पहिला माग टाकला तेव्हापासून कारखान्यातून काठावर अक्षर नसलेली भेट गेली नव्हती. ते हट्टी नव्हते, त्यांना खरोखर कळत नव्हतं. देणाऱ्याचं नाव नसेल तर घेणाऱ्याचा अपमान होतो अशी त्यांची समजूत, आणि आमच्या गावात ती खरीच आहे. मी स्पष्ट सांगितलं की हे डिझाईन मी करणार नाही. बैठक मोडली. मला वाटलं विषय संपला.

पुढच्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी रजेवर होते. परत कामावर गेले तर माग खडखडत होते आणि त्यांच्यावरून जांभळ्या रंगाची चादर उतरत होती. काठावर वर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत, वीतभर पट्ट्यात विणलेलं होतं: सोलापूरकरांची सप्रेम भेट. बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतलं होतं. वेलांटी वाकडी होती. वेलांटीकडे माझं लक्ष गेलं याचाही मला संताप आला.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावायचंही भान राहिलं नाही. काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुमची हौस आणि दुसऱ्याचा जीव, असं काहीतरी म्हणाले. म्हणाले की माझी बहीण ज्या बाईच्या पोराला ही चादर पांघरेल, त्या बाईला चौकीवर ही अक्षरं वाचता येणार नाहीत, पण शिपायाला एवढं कळेल की ही आपली नाहीत. म्हणाले, मालक, ती चादर नाही, तुम्ही तिच्या पाठीवर पाटी लावताय. बाहेर सुपरवायझर, हेल्पर, सगळे ऐकत होते. मालकांनी मान वर केली नाही. ते जेवायची वेळ नसताना जेवायला घरी निघून गेले. जाताना सुपरवायझरला सांगून गेले की रविवारी शिलाई खातं उघडं ठेवा, ताईंचं काहीतरी काम आहे. 

रविवारी आम्ही कापलं. विणलेलं अक्षर खोडता येत नाही. एक धागा ओढला की शेजारचे चार सुटतात. पट्टा अख्खा कापायचा आणि उघड्या कडेला दुमडून शिलाई मारायची, एवढाच इलाज. शिलाई खात्यातल्या बायका सुट्टीच्या दिवशी आल्या, त्यात सगळा कारखाना जिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो ती होती. खाला माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी, कात्री तिच्या हातात पाण्यासारखी चालते. तिनं फक्त विचारलं की पोरं केवढी आहेत. मी हातानं उंची दाखवली. मग म्हणाली, चादर वीतभर तोकडी झाली तर काही बिघडत नाही, पाय पोटाशी घेऊन झोपतील. दिवसभर जमिनीवर जांभळे पट्टे पडत होते, सप्रेम भेट, सप्रेम भेट, आणि कापसाचं तूस सगळ्यांच्या केसांत बसलं होतं. संध्याकाळी गठ्ठे बांधून झाले. त्या दिवशी मला बरं वाटलं. पट्टे पोत्यांत भरून गोडाऊनमध्ये ठेवले, आणि चादरी निघाल्या.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठता उठता समितीनं परिसंवाद ठेवला. तोवर त्या देशाच्या बातम्या रोज टीव्हीवर यायला लागल्या होत्या. काही बलाढ्य देश म्हणत होते की हा माणूस ऐकत नसेल तर आम्ही फौज घेऊन आत जाऊ आणि मदत पोचवू. विषय होता: हुकूमशहाच्या देशात मदत पोचवण्यासाठी बाहेरच्यांनी बळानं शिरावं का? मला 'नर्सची बहीण' म्हणून व्यासपीठावर बसवलं. खुर्च्या भरायला शिलाई खात्यातल्या बायकांना टेम्पोतून आणलं होतं. आणि व्यासपीठावर मागे, फुलांच्या हारात, काचेच्या फ्रेममध्ये काय असावं? कापलेल्या पट्ट्यांपैकी एक. सोलापूरकरांची सप्रेम भेट. चादर गेली तिकडे, नाव राहिलं इकडे आणि त्याला हारही मिळाला. मी मालकांकडे पाहिलं तर ते निरागसपणे हसले. त्यांना वाटत होतं त्यांनी मधला मार्ग काढलाय.

प्राध्यापक छान बोलले. घराला बाहेरून कडी लावून आतल्या लेकरांना उपाशी मारणाऱ्याची परवानगी कसली मागता, दार फोडा, असं त्यांचं म्हणणं. सार्वभौमत्व माणसांसाठी आहे, माणसं सार्वभौमत्वासाठी नाहीत. मग ते आपल्या मातीवर आले. सोलापूरच्या पलीकडे, नळदुर्गाच्या वाटेला लागलं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हाही दुसऱ्याचं राज्य होतं. तिथली माणसं हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं पळून इकडे येत होती. शेवटी आपल्याच रस्त्यावरून फौज गेली आणि चार-पाच दिवसांत तो मुलूख मोकळा झाला. ते चूक होतं का, त्यांनी विचारलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण माझी आजी त्या पळून आलेल्यांतली होती. तिच्या आईनं तिला काखेत मारून रानातून चालत सोलापूर गाठलं होतं. पोलीस ॲक्शन झाली नसती तर ती गावी परत गेली नसती.

मग कामगार पुढारी उठले. त्यांनी मोठ्या देशांची अशी काही सालटी काढली की प्राध्यापक घाम पुसायला लागले. दार फोडून येणारा पाहुणा जेवून जात नाही, घरातच मुक्काम ठोकतो, असं ते म्हणाले. त्या डोंगराखाली काय पुरलंय ते आधी विचारा, म्हणजे एकदम पाझर का फुटला ते कळेल. दुसरीकडेही माणसं मरतायत, तिथं फौज का जात नाही? जिथं जिथं अशी मदत गेली तिथं आधी बॉम्ब पडले आणि मग बिस्किटं. त्यांनाही टाळ्या पडल्या. तेच लोक, तेच हात.

मला राग कशाचा आला ते नीट सांगते. दोघांचंही पटत होतं. दोघांपैकी एकजण मूर्ख असता तर मला सोपं गेलं असतं. पण दोघंही बरोबर बोलत होते, बोलताना मधेमधे बिसलरी पीत होते, आणि बोलणं संपल्यावर एकमेकांना टाळी देऊन हसत होते. त्यांचं भांडण जुनं होतं, त्याला नवा विषय मिळाला होता, एवढंच. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि शेळ्यांमध्ये माझी बहीण.

सूत्रसंचालकानं मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि बहिणीचं म्हणणं सांगितलं, जसं मला तोवर कळलं होतं तसं. की परवानगी मागत बसलात तर पोरं मरतात आणि ढोल वाजवत आलात तर वाटा बंद होतात. गुपचूप या, नाव न लावता या, पुन्हा पुन्हा या. तिथं आतापर्यंत जे काही पोचलंय ते असंच पोचलंय. यावर प्राध्यापकांनी सौम्यपणे विचारलं की चोरवाटेवर एक अख्खा मुलूख किती काळ जगणार? प्रश्न रास्त होता. पुढाऱ्यांनी विचारलं की त्या संस्थेला पैसा कोण पुरवतं? तोही रास्तच असेल. मग समोरच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ते जाऊ द्या हो मॅडम, तुमचं काय म्हणणं, फौज यावी की नको?

तळपायाची आग मस्तकात गेली. जणू टॉसला हेड की टेल विचारत होते.

"मला माझी बहीण घरी पाहिजे," मी माइकवर म्हणाले. "बाकीचं तुम्ही ठरवा. तुम्हाला वेळ आहे."

त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. मी शिवी दिली असती तरी पडल्या असत्या.

परतताना रिक्षात खाला माझ्याशेजारी होती. ती म्हणाली, "फौज आई, वो लोगां को याद है. फौज आगे गई, उसके बाद गाँव में क्या हुआ, वो कोई नै बोलता." मग तिनं सांगितलं. तिचं सासर त्याच बाजूचं. तिचा सासरा तेव्हा लहान होता. टोळ्यांशी त्यांच्या घराचा काडीचा संबंध नव्हता, पण फौज पुढं गेल्यावर गावानं टोळ्यांचा राग त्यांच्यावर काढला. त्याचे वडील, चुलते, सगळे गेले. आईनं त्याला घेऊन चालत सोलापूर गाठलं. म्हणजे माझी आजी ज्या रस्त्यानं गावी परतली असेल त्याच रस्त्यानं खालाचा सासरा इकडे आला. माझ्या घरात त्या फौजेचं नाव आदरानं घेतात आणि तिच्या घरात घेतच नाहीत. इतकी वर्षं एका कारखान्यात काम करून मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, आणि ती सांगणार तरी कुणाला? मी तिला विचारलं की मग फौज यायला नको होती का? खाला म्हणाली, तसं मी कुठं म्हणाले, ते आले आणि निघून गेले, थांबलं कोण? रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. मग आम्ही दुसरं बोललो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बलाढ्य देशांनी जाहीर करून टाकलं की आम्ही येणार. पत्रकार परिषदा झाल्या, नकाशे दाखवले, बाणांनी दाखवलं कुठून कुठं शिरणार. हुकूमशहानंही टीव्ही बघितला असणार. त्यानं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की बाहेरून येणारा दाणा म्हणजे शत्रूचा दाणा, आणि ज्या आडवाटांकडे त्याचे शिपाई इतकी वर्षं चिरीमिरी घेऊन काणाडोळा करत होते त्या सगळ्यांवर पहारे बसवले. आमच्या चादरी तेव्हा सीमेच्या अलीकडे एका गोडाऊनमध्ये होत्या. संस्थेनं फोटो पाठवला. ताडपत्रीखाली आमचे गठ्ठे, आमच्याच सुतळीनं बांधलेले. पलीकडच्या डोंगरावर बर्फ. तिथून बहिणीची शाळा एका दिवसाच्या वाटेवर.

आणि फौज आली नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण परिसंवादात कुणाला ही शक्यता सुचली नव्हती. येणार येणार म्हणून गावभर दवंडी पिटली, दारं बंद करवली, आणि मग त्यांच्या तिकडे निवडणूक आली की काय आलं, ते दुसऱ्या गोष्टीला लागले. एवढं मोठं तोंड करून शेवटी तोंडाची वाफ. प्राध्यापकांना मी भाजी मंडईत गाठून विचारलं की आता काय? ते म्हणाले, दुर्दैवी आहे. पुढाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही सांगितलं होतं. दोघांच्याही पिशवीत मेथी होती.

पण फौज येणार असं वाटत होतं त्या दिवसांत एक गोष्ट झाली, ती सांगायची राहिली. बहिणीच्या संस्थेनं ठरवलं की बॉम्ब पडायच्या आत आपली बाहेरून आलेली माणसं काढून घ्यायची. बस येणार, सगळ्यांना सीमेवर आणणार, तिथून विमान. बहिणीनं नाही, संस्थेच्या दिल्लीच्या माणसानं आम्हाला कळवलं.

आई लगेच कामाला लागली. डोळ्यावरचा काळा चष्मा न काढता तिनं शेंगा भाजल्या, चटणी कुटली, गादी गच्चीवर उन्हात टाकली. शेजारणींना सांगून आली. गेल्या काही वर्षांत मी तिला इतकी हलकी झालेली पाहिली नव्हती. आणि मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. फौजेच्या गोष्टीमुळे चादरी अडकल्या, पोरं फरशीवर गारठली, आणि फौजेच्याच गोष्टीमुळे माझी बहीण घरी यायची होती. दोन्ही मला एकदम कळत होतं. तरी मी कामावरून येताना तिच्या आवडीचे पेढे घेतले.

फोन दुपारी आला. मागांच्या खडखडाटात ऐकू येईना म्हणून मी पळत बाहेर, सायकलींच्या रांगेजवळ गेले.

"आक्का, बस गेली," ती म्हणाली.

मी विचारलं, म्हणजे सीमेवर पोचलीस का?

"न्हाय. मी वॉर्डात हाय."

मला कळायला वेळ लागला आणि कळल्यावर मी तिच्यावर अशी ओरडले की गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठला. आईचं नाव घेतलं, डोळ्यांचं ऑपरेशन काढलं, नुकत्याच भाजलेल्या शेंगासुद्धा काढल्या. तू एकटी राहून काय होणार आहे, म्हणाले. औषध संपलंय म्हणतेस, चादरी अडकल्यात, मग तू तिथं नुसती बसून काय करणार? तू बॉम्ब झेलणार आहेस का? ती माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली, लहानपणी थांबायची तशी.

"आईला तू सांग," ती शेवटी म्हणाली. "मला न्हाय जमायचं." आणि फोन तुटला की तिनं ठेवला, ते मला आजही माहीत नाही.

मी अर्धी रजा टाकून घरी गेले. वाटेत ठरवत होते की आईला हळूहळू सांगायचं. आधी म्हणायचं की बस उशिरा आहे, मग म्हणायचं की पुढच्या खेपेला येईल. आई उंबऱ्यात सूप घेऊन ज्वारी निवडत बसली होती. मला अवेळी आलेलं पाहून तिनं हात थांबवला, आणि माझं ठरवलेलं सगळं गेलं.

"ती येणार न्हाय," मी म्हणाले.

आईनं विचारलं, बस आली नाही का? मी म्हणाले, आली होती. जागा नव्हती का? होती, म्हणाले, तीच बसली नाही. मी वाट बघत होते की आता ती रडेल, बहिणीला शिव्या घालेल, मलाही दोन घालेल, आणि मग आम्ही दोघी मिळून तिच्यावर रागावू. मला सोबत पाहिजे होती त्या रागाला. आईनं सुपाकडे बघतच विचारलं.

"त्या पोरांच्या आयांस्नी बसू दिलं असतं का त्या बशीत?"

"न्हाय," मी म्हणाले. "बाहेरच्यांचीच बस होती."

"मंग ती कशी बसंल," आई म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं, चष्मा काढला आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. डॉक्टरांनी रडू नका म्हणून बजावलं होतं. मी तिला तसं म्हणाले नाही, तिच्याजवळ बसलेही नाही, आत जाऊन पेढ्यांचा पुडा तसाच फडताळात कोंबला. मी प्राध्यापकांवर चिडले, पुढाऱ्यांवर चिडले, मालकांवर, त्या हुकूमशहावर, नकाशांवर बाण काढणाऱ्यांवर, आणि त्यातला प्रत्येक राग मला समजावून सांगता येतो. बहिणीवरचा येत नाही. तिचं काही चुकलेलं नाही, आईला ते एका प्रश्नात कळलं, मलाही कळलंय, आणि तरी रोज संध्याकाळी फोन वाजला नाही की मी मनातल्या मनात तिला म्हणते, बसायचं होतंस गं.